रुवैसचा आउटफिल्डर

डगच्या तोंडून ‘हं’ एवढा एक उद्गार काढायला मला तीन वर्षं लागली.

डग माझा साहेब. सत्तरीचा, ताडमाड, डोळ्यांवर कायम काळा गॉगल आणि खिशात सूर्यफुलाच्या बिया. अमेरिकेतल्या एका बेसबॉल क्लबसाठी तो निम्म्या जगातून मुलं हुडकतो. त्याच्या हाताखाली देशोदेशी अर्धवेळ माणसं असतात आणि इथे अमिरातीत ती मी आहे. वय एकसष्ट, गुडघे कुरकुरणारे, मूळची अमरावतीची. अबू धाबीतल्या एका भारतीय शाळेत बावीस वर्षं पीटी शिकवून निवृत्त झाले आणि मग हे काम अंगाला चिकटलं. मी स्काउट आहे असं सांगितलं की आमच्या मंडळातल्या बायका विचारतात, “म्हणजे ते गळ्यात स्कार्फ बांधून तंबू ठोकतात ते?”

तर नाही. माझं काम मुलांना आकडे देण्याचं.

आमच्या विदर्भात शाळाशाळांतून सॉफ्टबॉल खेळतात, हे बाकी महाराष्ट्राला सांगूनही पटत नाही. मी राज्याच्या संघातून खेळले आहे, तेही आउटफिल्डला. म्हणजे मैदानाच्या पार मागच्या भागात. क्रिकेटमधला सीमारेषेवरचा फील्डर डोळ्यांपुढे आणा. फरक एवढाच की इथे डाव्या हातात चामड्याचा मोठा मोजा असतो आणि मागे असे तिघंच असतात. एवढं मोठं मैदान तिघांत वाटलेलं. मधला तो सेंटर फील्डर. त्याला हरणासारखं पळावं लागतं, उंच आलेला चेंडू धावता धावता पकडावा लागतो, आणि पकडल्यावर शंभर-शंभर पावलांवरून सरळ रेषेत फेकावा लागतो.

अशा मुलात आम्ही पाच गोष्टी पाहतो. बॅट चेंडूला लागते का, लागली तर चेंडू किती लांब जातो, पळतो कसा, पकडतो कसा, फेकतो कसा. प्रत्येक गोष्टीला वीस ते ऐंशीमधला एक आकडा द्यायचा. पन्नास म्हणजे मेजर लीगमधला, अमेरिकेतल्या सगळ्यांत वरच्या स्पर्धेतला, साधारण खेळाडू. तिथला साधारण म्हणजे जगातला असाधारण, त्यामुळे गल्लीतल्या हिरोला तीस मिळाले तरी त्याने पेढे वाटावेत. पण हे आईबापांना कोण समजावणार? शाळेत पस्तीसला पास असतं ना! दुबईच्या करामा भागातल्या एका मसाल्याच्या व्यापाऱ्याने मला फोनवर सुनावलं होतं, “मॅडम, तीस म्हणजे तुम्ही माझ्या मुलाला नापास केलंत की! रीचेकिंग होतं का?”

आणि एक अट. मैदानाच्या कडेला बसलेल्या स्काउटने चेहऱ्यावर काहीही दाखवायचं नाही. मुलाने आभाळातून चंद्र झेलून आणला तरी आपण वहीत बघायचं. ही अट मला कधीच जमली नाही. मी ओढणीचं टोक दातांत धरते.

मागच्या वर्षी जानेवारीत रेश्माचा फोन आला. रेश्मा माझी जुनी विद्यार्थिनी, आता रुवैसला नर्स. रुवैस म्हणजे अबू धाबीपासून अडीच तास पश्चिमेला, रिफायनरी आणि तिच्या आसपासची वसाहत. तिथे शनिवारी सकाळी कोरियन, जपानी आणि फिलिपिनो इंजिनिअर बेसबॉल खेळतात, आणि रेश्मा तिथे अँब्युलन्स घेऊन उभी असते.

“मॅडम, आमच्या अँब्युलन्सचा आरसा फुटला,” ती म्हणाली.

“मग मला काय सांगतेस? वर्कशॉपला सांग.”

“अहो, चेंडूने फुटला! एका मुलाने फेकलेल्या. सगळ्यांच्या डोक्यावरून गेला. आणि तो कुठे उभा होता माहितीये? पार मागे, पाण्याच्या टाकीला टेकून! मॅडम, आय स्वेअर, चेंडू खाली आलाच नाही. सरळ आला!”

मी बरं बरं म्हणून फोन ठेवला. रोज कोणीतरी कोणाचं तरी कौतुक करत असतं. पण चहा गाळताना पाण्याची टाकी डोक्यातून जाईना. शनिवारी पहाटे उठून मी गाडी काढली.

मुलाचं नाव सोहम तावडे. अठरा वर्षांचा, हडकुळा, लांब हातांचा. जन्म इथलाच. वडील प्रकाश तावडे रिफायनरीत शिफ्टवर ऑपरेटर, मूळचे चिपळूणकडचे. ते रात्रपाळी करून तसेच मैदानावर आले होते आणि उभ्या उभ्या डुलक्या घेत होते.

मी आधी त्याला साठ यार्ड पळवलं. घड्याळ पाहिलं आणि वाटलं, अंगठा उशिरा दाबला. परत पळवलं. तेवढाच वेळ. तिसऱ्यांदा सांगितलं तेव्हा तो म्हणाला, “आंटी, इज समथिंग राँग?”

“राँग काही नाही बाळा. घड्याळ तापलंय.”

मग टाकीपाशी उभं करून फेकायला लावलं. माझ्याकडे चेंडूचा वेग मोजायचं पिस्तुलासारखं यंत्र आहे. त्यावर आकडा उमटला आणि ओढणीचं टोक दातांत जायच्या आत माझ्या तोंडून निघून गेलं, “अगं बाई!” तावडे दचकून जागे झाले. “काय झालं? लागलं का कोणाला?”

पण मी खरी थक्क झाले ती पकडण्यावर. फेकणं, पळणं या देणग्या असतात. पाय आणि खांदा आईबापांकडून येतात. चेंडूचा अंदाज मात्र वेगळीच गोष्ट आहे. सामना सुरू झाला, एका कोरियन इंजिनिअरने बॅट फिरवली, आणि चेंडू कुठे चाललाय हे मला कळायच्या आत सोहम पाठ करून मागे धावत सुटलेला होता. मान वळवून त्याने हात पुढे केला आणि चेंडू मोज्यात येऊन बसला. एकदा झालं तर योगायोग म्हणता येतो. मी सहा वेळा पाहिलं. सहाही वेळा पहिलं पाऊल बरोबर दिशेला, आणि बाकीच्या सगळ्यांच्या आधी. हे कसं, ते मला कळेना. वहीत मी ‘पहिलं पाऊल’ लिहिलं आणि पुढे मोठं प्रश्नचिन्ह काढलं.

मग तो बॅटिंगला आला, आणि माझी हवा निघाली. तो क्रिकेट खेळत वाढलेला. सरळ बॅटने खाली दाबून मारायची सवय. इथे चेंडू टप्पा न पडता छातीएवढ्या उंचीवर येतो. चार चेंडू हुकले, पाचवा त्याच्याच बुटावर आदळला.

दुपारी तावड्यांकडे जेवण झालं. सोहमच्या आईने, मानसीने, पापलेट तळलं होतं. फॉर्म समोर ठेवून मी लिहीत होते. फेकणं सत्तर. पळणं साठ. पकडणं साठ. बॅटच्या दोन्ही रकान्यांत तीस. तावडे खांद्यावरून वाकून बघत होते.

“मॅडम, तीस जरा कमी नाही वाटत? चाळीस लिहा ना. आपलाच मुलगा आहे.”

“आपला आहे म्हणूनच तीस,” मी म्हटलं.

इथे मला केविनबद्दल सांगायला हवं. केविन माझ्याच शाळेतला, स्काउट म्हणून मी पुढे पाठवलेला पहिला मुलगा. आठवीपासून माझ्या डोळ्यांपुढे वाढलेला, हसरा, कष्टाळू. पळण्यात तो पंचेचाळीसचा होता. मी साठ लिहिले. एवढी मेहनत करतोय, होईल साठचा, असं मनाशी म्हटलं. डगने माझ्या आकड्यावर विसंबून त्याला परदेशी शिबिराला बोलावलं. तिथे घड्याळ माझं नव्हतं. दुसऱ्या दिवशी त्याला विमानात बसवून परत पाठवलं. डग मला एका शब्दाने बोलला नाही. केविनही बोलला नाही, आणि त्याने परत मोजा हातात घातला नाही. अबू धाबीजवळ मुसफ्फाला एका ट्रेडिंग कंपनीत आहे तो आता. भेटला की वाकून नमस्कार करतो, आणि मला जमिनीत गाडून घ्यावंसं वाटतं. माझ्या मायेच्या पंधरा आकड्यांनी त्या मुलाचा खेळ संपवला.

हे मी तावड्यांना सांगितलं. मानसीने माझ्या ताटात आणखी एक तुकडी वाढली आणि म्हणाली, “ताई, तुम्हाला दिसेल तेच लिहा.”

फॉर्म पाठवला. दोन दिवसांनी डगचं उत्तर आलं : फेब्रुवारीत दुबईला येतो, मुलाला आण.

दुबईत एका क्रिकेटच्या मैदानावर बेसबॉलच्या रेषा आखून दोन दिवसांची निवड चाचणी ठेवली होती. पाच-सहा देशांतली चोवीस मुलं, प्रायोजकांचे तंबू, बर्गर, फुगे. आणि मैदानाच्या कडेला माणसाएवढे स्पीकर घेऊन एक डीजे. नाव माजिद. केसांना भरपूर जेल लावलेला, मोठा हौशी मुलगा. सकाळी नऊला त्याने जे गाणं सुरू केलं ते थेट जेवणाच्या सुट्टीलाच थांबलं.

पहिल्या दिवशी सोहमने माझी लाज घालवली. बॅटिंग वाईट होणार हे ठरलेलंच होतं. पण तो पकडेनासुद्धा! प्रत्येक चेंडूवर उशिरा निघायचा. एकदा पुढे धावला आणि चेंडू डोक्यावरून मागे गेला. एकदा मागे धावला आणि चेंडू पुढे पडला. रागाने त्याने एक थ्रो असा फेकला की तो बर्गरच्या तंबूत गेला आणि तिथून कोणीतरी ओरडलं. डग माझ्या शेजारी बिया सोलत बसला होता. त्याने वहीत काहीतरी खोडलं. काय खोडलं ते दिसलं नाही, पण खोडण्याचा आवाज मला त्या गाण्यातूनही ऐकू आला.

केविनच परत, मला वाटलं. मी परत मायेने पाहिलं. त्या सहा झेलांत मला जे दिसलं ते मला बघायचं होतं म्हणूनच दिसलं असणार.

संध्याकाळी सोहम पायरीवर बसून बुटांच्या नाड्या सोडत होता. मी शेजारी टेकले.

“काय झालं रे?”

“आय डोन्ट नो.” नाडी ओढत म्हणाला, “आय कुडन्ट हिअर इट.”

“काय ऐकू आलं नाही?”

“द बॅट, आंटी.” मग मराठीत, शब्द शोधत शोधत तो सांगू लागला. “रुवैसला शांत असतं ना. नीट बसला की टक्क असा आवाज येतो, मग मी मागे जातो. नीट नाही बसला की थप्प येतो, मग मी पुढे येतो. मी बघत नाही. बघून लेट होतं. इथे नुसतं धूम-धूम-धूम. आय वॉज ब्लाइंड.”

मी खो-खो हसत सुटले. त्याला वाटलं आंटीला ऊन लागलं. अहो, वहीतलं ते प्रश्नचिन्ह! अमरावतीच्या मैदानावर आमच्या सरांनी आम्हाला हेच शिकवलं होतं. डोळ्यांवर रुमाल बांधून उभं करायचे आणि विचारायचे, “सांग, पुढे का मागे?” चांगला आउटफिल्डर आधी ऐकतो. चाळीस वर्षांपूर्वी अंगात मुरलेली गोष्ट मी साफ विसरले होते, आणि या मुलाने ती कोणी न शिकवता वाळवंटात एकट्याने शोधून काढली होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी आधी माजिदकडे गेले.

“हबीबी, पंधरा मिनिटं गाणी बंद.”

“मॅडम, स्पॉन्सर वाँट्स म्युझिक.”

“खऱ्या सामन्यात बॉल टाकताना गाणी बंद असतात. दिस इज बेसबॉल, नॉट शादी.”

“इन्शाल्ला, मॅडम,” तो गोड हसून म्हणाला. इथे इतकी वर्षं काढल्यावर कुठल्या इन्शाल्लाचा अर्थ नाही असा होतो, ते मला कळतं.

तोवर चोवीस मुलं मैदानात उतरत होती. सोहम सेंटर फील्डकडे चालत निघाला होता, खांदे पडलेले. मी स्पीकरच्या मागे गेले, जाडी काळी वायर सापडली, ती हिसकून सॉकेटमधून काढली, आणि प्लग पर्समध्ये घालून पर्स मांडीवर घेऊन तिथल्याच प्लास्टिकच्या खुर्चीवर बसले. गाणं मधेच कापलं गेलं. माजिद हेडफोन काढून धावत आला.

“मॅडम! मॅडम, प्लीज!”

“पंधरा मिनिटं. यल्ला, चहा पिऊन ये.”

तो माझ्याकडे बघतोय, मी त्याच्याकडे. साठीच्या बाईच्या मांडीवरची पर्स ओढायचं धाडस त्याला होईना. शेवटी हात आभाळाकडे करत तो खरंच चहा आणायला गेला, आणि आणला तो दोन कप.

मैदान शांत झालं. आणि मग आवाज आला. टक्क.

सोहम निघालेला होता. पाठ करून, पूर्ण वेगात, वर न बघता. चेंडू त्याच्या खांद्यावरून येऊन मोज्यात पडला, जणू ठरवून भेटले. पुढचा थप्प झाला. तो पुढे झेपावला आणि गवतापासून वीतभर उंचीवर उचलला. मग पुन्हा एक टक्क, या वेळी डावीकडे, दोन फील्डरांच्या मधोमध. हा कोणाचाच नव्हता. बाकीच्या मुलांनी सोडूनही दिला होता. सोहम आडवा धावला, अंग झोकून देऊन पकडला, लोळला, उठला आणि तिसऱ्या बेसच्या खुणेवर उभ्या मुलाकडे फेकला. चेंडू जमिनीपासून माणसाएवढ्या उंचीवरून सुतासारखा सरळ गेला. तिथल्या मुलाला मोजा हलवावासुद्धा लागला नाही.

माझं ओढणीचं टोक दातांत होतं की नाही, आठवत नाही. मी खुर्चीवर उभी होते एवढं नक्की, कारण माजिद खुर्ची धरून “मॅडम, केअरफुल” म्हणत होता आणि स्वतःच टाळ्या वाजवायला खुर्ची सोडत होता. पाच पावलांवर बसलेल्या डगने गॉगल काढला. त्याचे डोळे निळे आहेत हे मला त्या दिवशी कळलं. बियांची पिशवी मांडीवरून सांडली होती.

“हं,” तो म्हणाला.

मी प्लग परत केला आणि डगकडे जाऊन सरळ सांगून टाकलं की गाणं मी बंद केलं, आणि का. मुलांना काल होतं ते आजही असावं असा नियम असेल तर माझी चूक आहे, तसं लिही. डग म्हणाला, “पकडणं तू साठ लिहिलं होतंस. मी सत्तर लिहितोय. तुझी चूक ती.”

मग त्याने सोहमला बोलावलं. तावडे आणि मानसी मागे उभे. डगने विचारलं, “तुझ्या बॅटला तू किती देशील?”

मुलाने क्षणभर विचार केला.

“ट्वेंटी-फाइव्ह, सर. आंटी गेव्ह मी थर्टी, बट शी लाइक्स मी.”

डग हसला. बारीक, खोकल्यासारखं, पण हसला. म्हणाला, बॅट शिकवता येते. स्वतःला खरा आकडा देणं मी अजून कोणाला शिकवू शकलेलो नाही.

महिनाभराने पत्र आलं. कॅरिबियन बेटांवर क्लबची अकादमी आहे, तिथे दोन मोसम. तावडे हादरले. पुण्यात इंजिनिअरिंगचा प्रवेश जवळजवळ ठरला होता. त्यांनी मला फोन करून एकच प्रश्न विचारला. “मॅडम, खरं सांगा, मेजर लीगपर्यंत जाईल?”

मी म्हटलं, “बहुतेक नाही. तिथे गेलेल्या मुलांतली फार थोडी पोचतात. पण त्याला बोलावलंय ते कोणाच्या मायेने नाही, एवढं मी छातीवर हात ठेवून सांगते.”

पलीकडे मानसीने फोन घेतला. “कॉलेज दोन वर्षांनी पण असतंच ना, ताई? मग जाऊ दे त्याला.”

सोहम गेला. पहिला मोसम बॅटने त्याचे हाल केले. मागे तो वाघासारखा खेळे आणि पुढे बॅटिंगला येऊन हात हलवत परत जाई. त्याचे मेसेज तुटक होत गेले. “टफ डे आंटी.” “टफ वीक.” मी कधी खोटा धीर दिला नाही. “उद्या किती चेंडू मारणार आहेस सरावाला?” एवढंच विचारायची. उत्तर यायचं, “टू हंड्रेड.” नंतर थ्री हंड्रेड.

या जूनमधली गोष्ट. तिथली सकाळ म्हणजे आपली संध्याकाळ. अकादमीतलं कोणीतरी फोनवरून सामना दाखवत होतं; चित्र हलतंय, मधेच गोठतंय. एका फोनवर ते लावून दुसऱ्यावर मानसीचा व्हिडिओ कॉल, असं दोन फोन डब्यांना टेकवून मी स्वयंपाकघरात उभी. पलीकडे रुवैसला तावडे आणि मानसी सोफ्याच्या काठावर. दोघांना खेळातलं अजूनही ओ की ठो कळत नाही.

सोहम बॅटिंगला आला. दोन हुकले. तिसऱ्यावर त्याने बॅट फिरवली. आता खाली दाबून नाही, तर खालून वर, मोकळी. चेंडू उठला. पलीकडचे तिघेही आउटफिल्डर पळायला लागले. मग एकेक करून थांबले आणि नुसते वर बघत राहिले. चेंडू कुंपणाच्या वरून, मागच्या झाडांच्याही पलीकडे गेला.

तावडे उभे राहिले. “हरवला का चेंडू? आता काय दंड-बिंड असतो का?”

“ताई,” मानसी घाबरून म्हणाली, “हे चांगलं झालं की वाईट?”

मी हसत होते, रडत होते, हातातला झारा ओट्यावर आपटत होते.

“ताई, सांगा ना! चांगलं की वाईट?”

“चांगलं, मानसी!” मी ओरडले. “अगं, यापेक्षा चांगलं काही नसतंच या खेळात! बघ, बघ त्याच्याकडे, कसा पळतोय बघ!”